फ्रीलान्स लेखन आणि कमी पैशांतली जाहिरात : नागपुरातून काम शोधणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

खिशात जेमतेम तीन हजार रुपये आहेत. कुठे घालू?

तीन हजार तीन महिन्यांना पुरतात, पण ते चुकीच्या ठिकाणी जायला नकोत. स्वतःच्या नावाचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) वर्षाला साधारण हजाराच्या आसपास येतं. शंभर व्हिजिटिंग कार्डं तीन-चारशेत होतात. पाच-सहाशेत नमुन्यांचे दहा-पंधरा संच छापून घ्या. उरलेले पैसे पेट्रोल, मेट्रो आणि समोरच्याला पाजायच्या चहासाठी ठेवा.

लोगो, फेसबुकवर पैसे देऊन पोस्ट बूस्ट करणं, 'हमखास क्लायंट मिळवून देणारा' कोर्स, या तिन्हींवर सुरुवातीला एक रुपयाही घालू नका. बूस्ट केलेल्या पोस्टला लाईक येतात ते बहुतेक दुसऱ्या लेखकांचे आणि नातेवाइकांचे. त्यांना तुमच्याकडून काही लिहून घ्यायचं नसतं.

'सगळंच लिहितो' असं सांगितलं तर जास्त कामं मिळतील ना?

उलट होतं. कथा, कविता, ब्लॉग, स्क्रिप्ट, जाहिरात, भाषांतर अशी यादी वाचली की समोरच्याला त्यात स्वतःचं काम दिसत नाही. बुटीबोरीतल्या कारखानदाराला लेखक हवा असतो असं नाही. त्याचं माहितीपत्रक चार महिन्यांपासून अडलंय आणि ते सुटायला हवंय. म्हणून आधी धंदा निवडा, लेखनप्रकार त्यामागून येतो.

नागपुरात निवडायला भरपूर आहे. हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्यांना उत्पादनांची माहितीपत्रकं, कामगारांसाठी मराठी-हिंदी सुरक्षा सूचना, यंत्र चालवायच्या पुस्तिका लागतात. वर्धा रोडवरच्या बांधकाम व्यावसायिकांना ब्रोशर लागतं. संत्रा-कापसाच्या पट्ट्यात खतं, रोपं, ठिबक विकणाऱ्यांना शेतकऱ्याला कळेल अशा मराठीतली घडीपत्रिका हवी असते, आणि पुण्या-मुंबईहून आलेला मजकूर इकडच्या शेतकऱ्याला परका वाटतो. 'आंबिया' आणि 'मृग' या संत्र्याच्या बहारांमधला फरक ज्याला विचारावा लागत नाही, तो लेखक इथे अर्धं काम तिथेच जिंकतो. ताडोबा-पेंचच्या वाटेवरची रिसॉर्ट्स, शिकवणी वर्ग, इतवारी-गांधीबागेतली जुनी पिढीजात दुकानं जी आता कुठे ऑनलाइन येताहेत, हे सगळे ग्राहकच.

यातला एकच घ्या. सहा महिने त्याच्याच मागे लागा. नाही जमलं तर दुसरा.

कोणाला कधी गाठायचं?

बहुतेक जण इथेच चुकतात. मजकूर लागतो त्याच्या दोन-तीन महिने आधी बोलणी होतात.

जंगलातल्या रिसॉर्टना पावसाळ्यात गाठा. जुलै ते सप्टेंबर कोअर भागातली सफारी बंद असते, मालक-मॅनेजर निवांत असतात आणि ऑक्टोबरमध्ये गेट उघडायच्या आत वेबसाइट नीट करायची असते. शिकवणी वर्गांचे प्रवेश दहावी-बारावीच्या निकालांभोवती होतात, तेव्हा त्यांची पत्रकं फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतात. मे महिन्यात गेलात तर 'पुढच्या वर्षी बघू' ऐकाल. दिवाळी अंकांचं साहित्य जून-जुलैपासून जमा होतं. मानधन कमी असलं तरी छापील नाव दाखवायला उपयोगी पडतं.

डिसेंबरचं हिवाळी अधिवेशन हा खास आपल्या शहरातला हंगाम. राज्यभरातून संघटना मोर्चे घेऊन येतात. त्यांना निवेदनं, मागण्यांची पत्रकं, प्रसिद्धिपत्रकं लागतात आणि बहुतेकांची तयारी शेवटच्या आठवड्यात होते. संघटनांच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांना नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भेटा. एकच अट सांगा : निम्मे पैसे आधी. मोर्चा संपला की सगळे आपापल्या गावी जातात.

आणि प्रत्यक्ष भेटायला जायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये सकाळी अकराच्या आत किंवा सहानंतर. पंचेचाळीस डिग्रीत घामाघूम होऊन पोचलेल्या माणसाला मालक पाणी देतो, काम देत नाही.

धंतोली-रामदासपेठेत इतके दवाखाने आहेत. डॉक्टरांसाठी जाहिरात लिहू का?

जपून. रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करायला डॉक्टरांना त्यांची व्यावसायिक आचारसंहिता मनाई करते. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानुसार मधुमेह, कर्करोग अशा ठरावीक आजारांवर 'हमखास बरं करतो' अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. वकिलांनाही जाहिरातबाजीची मुभा नाही, आणि सीए मंडळींना त्यांच्या संस्थेचे नियम पाळावे लागतात.

तरीही काम आहे. शस्त्रक्रियेनंतर घरी काय काळजी घ्यायची याची मराठी पत्रिका, तपासणीआधी उपाशी राहायच्या सूचना, संमतिपत्राची सोपी मराठी, हे सगळं दवाखान्याला लागतं आणि नियमातही बसतं. 'जाहिरात नाही, रुग्णांसाठी माहिती लिहितो' हे पहिल्याच वाक्यात सांगणारा लेखक डॉक्टरला शहाणा वाटतो.

बांधकामवाल्यांचंही असंच. महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्य प्राधिकरण) नोंदणी क्रमांकाशिवाय प्रकल्पाची जाहिरात करता येत नाही, आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. ब्रोशरमधलं खोटं विधान बिल्डरवर शेकतं. 'विमानतळ पाच मिनिटांवर' असं लिहायला सांगितलं तर 'विमानतळ अमुक किलोमीटर' असं सुचवा.

अजून एकही ग्राहक नाही. नमुने कुठून आणू?

स्वतः तयार करा. निवडलेल्या धंद्यातली चार पत्रकं किंवा वेबपानं गोळा करा. त्यात काय कळत नाही ते शोधा : किंमत कशात आहे, डिलिव्हरी कुठवर, फोन कोणत्या वेळेत उचलतात. मग काल्पनिक नावाच्या दुकानासाठी तोच मजकूर नव्याने लिहा. खाली ठळक लिहा : 'नमुना, प्रत्यक्ष ग्राहकासाठी केलेलं काम नाही.' खऱ्या दुकानाचं नाव घेऊन 'आधीचं वाईट, माझं चांगलं' असं दाखवू नका. इतवारीत गोष्ट संध्याकाळपर्यंत त्या दुकानदाराच्या कानावर जाते.

तीन नमुने पुरतात. एक लांब, सातशे-आठशे शब्दांचा. एक पत्रकाचा, दीडशे शब्दांत बसवलेला. तिसरा सूचनांचा, म्हणजे पायरीपायरीने काय करायचं ते सांगणारा. शेवटचा फार कमी लेखक दाखवतात आणि कारखान्यांना नेमका तोच हवा असतो. कविता नमुन्यांत घालू नका, कितीही चांगली असो.

नमुन्यांची फाईल कशी पाठवायची?

पीडीएफ, चार ते सहा पानं, दोन एमबीच्या आत. पान ए-फोर ऐवजी ए-फाईव्ह आकाराचं करा, कारण ती फाईल फोनवर उघडणार आहे आणि ए-फोर पानावरची बारा पॉइंटची अक्षरं वाचायला बोटांनी पसरवावं लागतं. तेवढे कष्ट कोणी घेत नाही. पहिल्या पानावर नाव, कोणासाठी लिहिता ते एका ओळीत, आणि फोन नंबर. व्हॉट्सॲपवर न उघडता तेवढंच दिसतं. फाईलचं नाव 'फायनल टू न्यू' नको, तुमचं नाव आणि धंदा हवा. गूगल ड्राईव्हची लिंक देत असाल तर दुसऱ्या फोनवरून उघडून बघा. परवानगी 'फक्त मला' अशी राहून गेलेल्या लिंका रोज पाठवल्या जातात, आणि समोरचा परवानगी मागायच्या भानगडीत पडत नाही.

वेबसाइट लागतेच का?

लागते, पण होस्टिंगवर खर्च नको. गूगल साइट्स किंवा ब्लॉगरवर फुकटात एक पान करा आणि विकत घेतलेलं डोमेन त्याला जोडा. डोमेन घेताना पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, नूतनीकरणाचा बघा. दीडशे रुपयांत मिळालेलं नाव पुढच्या वर्षी हजाराच्या वर गेलेलं असतं. आणि ते स्वतःच्या ईमेलवर नोंदवा. 'साइट करून देणाऱ्या' ओळखीच्या मुलाच्या नावावर राहिलेलं डोमेन परत मिळवताना नाकी नऊ येतात.

पानावर चारच गोष्टी : कोणासाठी लिहिता, तीन नमुने, काम कसं चालतं, संपर्क. ब्लॉग सुरू करून दोन लेखांवर सोडलात तर ती ओस पडलेली तारीख तुमच्याविरुद्ध बोलते.

गूगल मॅपवर नाव टाकता येईल का?

ग्राहकांना प्रत्यक्ष भेटत असाल तर येईल. केवळ ऑनलाइन काम करणाऱ्यांसाठी ती सोय नाही. 'सेवा क्षेत्र' हा पर्याय निवडा, घरचा पत्ता लपवा, क्षेत्रात नागपूर, हिंगणा, बुटीबोरी, कामठी टाका. पडताळणी बहुतेक वेळा व्हिडिओने होते. नावाच्या जागी फक्त तुमचं किंवा व्यवसायाचं नाव लिहा. 'बेस्ट मराठी कंटेंट रायटर नागपूर' असं घातलं तर खातं बंद होऊ शकतं. काम संपलं की ग्राहकाकडून दोन ओळींचा अभिप्राय तिथे मागून घ्या. तेव्हाच मागा, महिन्याने तो विसरतो.

व्हॉट्सॲपवर काय करावं?

बिझनेस ॲप फुकट आहे. कॅटलॉगमध्ये तीन सेवा टाका, नेहमीच्या प्रश्नांना झटपट उत्तरं साठवा, लोकांना 'विचारणा', 'काम चालू', 'पैसे बाकी' अशी लेबलं लावा. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. त्यामुळे ती फक्त जुन्या ग्राहकांसाठी. सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवर 'कंटेंट रायटिंगसाठी संपर्क करा' टाकत राहिलात तर लोक तक्रार करतात आणि नंबर बंद पडतो. स्टेटस मात्र बिनधास्त वापरा : आठवड्यातून एकदा, एका वाक्याची सुधारणा, आधी आणि नंतर.

अनोळखी माणसाला पहिला मेसेज कसा लिहू?

शंभर शब्दांच्या आत, आणि त्यातला पहिला मुद्दा त्याच्याबद्दल हवा. उदाहरण रिसॉर्टचं :

'नमस्कार. तुमच्या वेबसाइटवर मराठी पान नाही. इंग्रजी पानावरही गेटपासूनचं अंतर आणि सकाळच्या सफारीला नाश्ता बांधून मिळतो का, हे सापडलं नाही. फोनवर हेच प्रश्न तुम्हाला रोज येत असतील. मी रिसॉर्टसाठी मराठी आणि हिंदीत लिहितो. पहिल्यांदा जंगलात येणाऱ्या कुटुंबासाठी दहा प्रश्नांचं एक पान तयार करू शकतो. तशाच एका पानाचा नमुना सोबत आहे. मंगळवारी अकरा वाजता फोन केला तर चालेल?'

'मला लेखनाची लहानपणापासून आवड आहे' हे कुठेही नको. 'कळवा' असं मोघम सोडू नका, वार आणि वेळ द्या. गांधीबाग-इतवारीतले बरेच व्यापारी बोलायला हिंदीत सुरुवात करतात. तिथे मेसेजही सरळ हिंदीत पाठवा, अभिमान मराठी नमुन्यात दिसू द्या.

आठवड्याला दहा मेसेज, प्रत्येक वेगळा. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवण्यापेक्षा हे संथ आहे, पण उत्तरं यातूनच येतात.

उत्तरच येत नाही. किती मागे लागू?

पाचव्या दिवशी एकदा, बाराव्या दिवशी एकदा. दुसऱ्या वेळी 'पाहिलंत का?' विचारू नका, काहीतरी नवीन द्या : त्यांच्या पानावरची एखादी चूक, एक सुचवलेला मथळा. त्यानंतर थांबा आणि वहीत त्यांच्या हंगामाची तारीख लिहा. 'सांगतो भाऊ' हे आपल्याकडे बहुतेक वेळा सभ्य 'नाही' असतं, पण हंगाम आला की तोच माणूस 'हो' म्हणतो.

प्रेसवाला म्हणतो, तुमची फाईल उघडल्यावर अक्षरं तुटतात. माझं काय चुकतंय?

चूक कोणाचीच नाही, पण सोडवता आली तर तुमची किंमत वाढते. तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे फोन आणि वेबसाइटवर चालणाऱ्या संकेतात, टाइप करता. अनेक डीटीपीवाले (छपाईसाठी पानं मांडणारे) आजही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम करतात. त्यांत प्रत्येक अक्षराचा संकेत वेगळा असतो, म्हणून एकीकडचा मजकूर दुसरीकडे चिकटवला की कचरा दिसतो. कॉरेलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोडची जोडाक्षरंही फुटतात.

मूळ प्रत नेहमी युनिकोडमध्ये ठेवा, कारण वेबसाइटला तीच लागते. प्रेससाठी कन्व्हर्टरने रूपांतर करून द्या आणि नंतर डोळ्यांनी तपासा. रफार, 'ऱ्या'मधला अर्धा र, ज्ञ, क्ष, ऱ्हस्व वेलांटीची जागा, अवतरणचिन्हं, इतक्या ठिकाणी रूपांतर हमखास चुकतं. छपाईआधीचं प्रूफ पीडीएफमध्ये, फॉन्ट आत बसवलेला किंवा अक्षरं कर्व्हमध्ये (रेषांच्या आकृतीत) बदललेली, असं मागून घ्या.

हे तुमच्या सेवेत लिहून टाका : 'मजकूर युनिकोडमध्ये, आणि छपाईआधीचं प्रूफ तपासून.' शंभर लेखकांपैकी फार थोडे हे देतात, आणि डीटीपीवाला स्वतःच तुमचं नाव पुढच्या ग्राहकाला सांगतो. जाहिरातीवर एकही रुपया न घालता मिळणारी ही सगळ्यात चांगली शिफारस.

व्हिजिटिंग कार्डावर काय छापू?

नाव, एक ओळ, फोन, डोमेन. एक बाजू मराठी, दुसरी इंग्रजी. जाड कागद, चकाकी नको, कारण मागे पेनाने काही लिहिता आलं पाहिजे. बस.

ओळखी कुठे होतील?

झाशी राणी चौकातला विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून आहे. तिथले कार्यक्रम ऐकायला जरूर जा, पण तिथे भेटतात ते लेखक. ग्राहक भेटतात उद्योजकांच्या बैठकांत : विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स, एमआयडीसीतल्या संघटना. खुले कार्यक्रम आणि प्रदर्शनं बघत राहा. स्टॉलवर ठेवलेली पत्रकं उचला, घरी नेऊन वाचा, आणि तिसऱ्या दिवशी त्या पत्रकाबद्दल एक नेमकी गोष्ट कळवा. खरी खाण मात्र डीटीपीवाले, छोटे डिझायनर आणि वेबसाइट बनवणारे. त्यांचं काम मजकुरावाचून अडतं.

भाव काय सांगू?

शब्दावर भाव लावला की छोट्या, अवघड कामात मार खाता. दहा शब्दांच्या घोषवाक्याला दोन तास जातात. असा हिशेब करा : महिन्याला पंचवीस हजार हवेत. महिन्यात १६० तास बसलात तरी निम्मे शोधण्यात, फोनवर आणि दुरुस्त्यांत जातात, म्हणून ८० तास धरा. तासाला साधारण तीनशे वीसच्या आत भाव परवडत नाही. आठशे शब्दांच्या पानाला बोलणं, वाचन, लेखन, तपासणी धरून पाच तास लागत असतील तर सोळाशे रुपये. त्यात दोन दुरुस्त्या, तिसरीला वेगळे पैसे. हे मेसेजमध्ये लिहून ठेवा. तोंडी ठरलेल्या दुरुस्त्यांना अंत नसतो.

'आधी एक लेख फुकट लिहून दाखवा' म्हणतात.

नमुने आहेत ते दाखवा. तरी हट्ट असेल तर दीडशे शब्द, पैसे घेऊन. फुकट मागणारा पुढेही फुकटच मागतो.

'एआय लिहून देतं, तुम्हाला कशाला पैसे देऊ?' याला काय उत्तर?

वाद घालू नका. त्यांनाच एक परिच्छेद काढायला सांगा आणि समोर बसून तपासा. यंत्राने लिहिलेल्या मराठीत बऱ्याचदा इंग्रजी वाक्याचा सांगाडा दिसतो, वस्तूंची नावं पुस्तकी येतात, आणि दुकानाची वेळ, गेटचं अंतर, खताची मात्रा मनाने भरलेली असते. तुम्ही फोन करून खरी मात्रा विचारता, पैसे त्याचे आहेत. तपासून दुरुस्त करायचं काम मिळालं तर घ्या, पण नव्याने लिहिण्याच्या निम्म्या भावाखाली नको. निम्मा वेळ तरी त्यात जातोच.

ग्राहकासाठी लिहिलेलं माझ्या नमुन्यांत दाखवू शकतो का?

नोकरीत नसताना लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट १९५७ च्या कायद्यानुसार मुळात लेखकाचा असतो. तो लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातो. करारात सगळे हक्क दिले असतील तर दाखवायला परवानगी लागते, म्हणून आधीच एक ओळ घाला : 'प्रसिद्ध झाल्यावर लेखक हा मजकूर नमुना म्हणून दाखवू शकेल.' दुसऱ्याच्या नावाने लिहून दिलेल्या भाषणांबाबत मात्र गप्प राहणंच बरं.

घरबसल्या टायपिंगचं काम मिळतंय, फक्त नोंदणीचे पैसे मागताहेत.

सोडा. काम देणारा पैसे मागत नाही. यातले काही नंतर 'अचूकता कमी भरली' म्हणून वकिलाची खोटी नोटीसही पाठवतात. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा.

जीएसटी, शॉप ॲक्ट, उद्यम : काय लागतं?

सेवांसाठी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचाही नाही. चालू खातं उघडायला बँक दुकाने व आस्थापना कायद्याखालची (शॉप ॲक्टची) पावती मागते. एकटेच काम करत असाल तर ऑनलाइन सूचना देणं पुरतं. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, मात्र आजच करा. ती सरकारी संकेतस्थळावर आधार-पॅनवर फुकट होते. पैसे मागणारी तशाच दिसणारी संकेतस्थळं दलालांची आहेत.

काम देऊन दोन महिने झाले, पैसे देत नाहीत.

उद्यम नोंदणी कामाआधीची असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी मुदत ठरली नसेल तर पंधरा दिवसांत, ठरली असेल तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत खरेदीदाराने पैसे द्यायचे असतात. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदत उलटून मार्चअखेरपर्यंतही न दिलेला खर्च त्याला त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, त्यामुळे मार्चअखेरीस त्याचा सीएच तुमची आठवण काढतो.

प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापा. देय तारखेला साधा मेसेज करा, आठव्या दिवशी हिशेब खात्याला फोन करा, मालकाला नको, कारण अनेकदा बिल तिथेच कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं. पंचेचाळीस दिवस उलटले की नियमाचा उल्लेख करून ईमेल टाका. त्यानेही हललं नाही तर सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. मेसेज, ईमेल, मंजुरीचा 'ओके' हे सगळं तोवर जपून ठेवा, आणि फोन बदलताना व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्यायला विसरू नका.